वळचणीचं पाणी आढ्याला चढतं तेव्हा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचा आहे, म्हणजे अगदी छपराचाच.

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतल्या एका फणसाच्या खोडावर नोटीस डकवलेली दिसली. झाड तोडायची परवानगी मागितली आहे, कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी कळवावी, असा नेहमीचा मजकूर. अर्ज खुद्द झाडमालकाचाच. ज्यांच्या वडिलांनी हा फणस लावला आणि ज्याचे गरे आळीतल्या प्रत्येक घरानं खाल्ले, त्या काकांचा. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: पालापाचोळा पन्हळीत साचून घर गळते.

बातमीच्या निमित्तानं अशा नोटिसा मी नेहमी वाचतो. रस्तारुंदीकरण, बांधकाम, धोकादायक झाड ही कारणं ओळखीची. पण हे पन्हळीचं कारण अलीकडे फार दिसायला लागलंय. म्हणून काकांकडे गेलो. म्हटलं, काका, एवढ्यासाठी फणस? ते म्हणाले, "तू लिहितोस रे, पण रात्री दोन वाजता उठून बादल्या मी लावतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग शिडी मागितली आणि वर चढलो.

पन्हळ दिसेचना. म्हणजे ती होती, पण काठोकाठ भरलेली. वर फणसाची वाळकी पानं, खाली त्यांचा कुजून झालेला काळा चिखल, त्यात गवत आणि वीतभर उंचीचा पिंपळ. खाली उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी पानं, काटक्या आणि कावळ्यानं आणलेली तार यांचा घट्ट गोळा. हाताने उपसलं तर चार घमेली निघाली. शेवटची कधी साफ केली होती, हे घरात कुणालाच आठवेना.

आपल्याकडे जुनी म्हण आहे की वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही. न होणारी गोष्ट, या अर्थानं आपण ती वापरतो. पण तुंबलेल्या पन्हळीत नेमकं हेच होतं. पाणी पुढच्या काठावरून पडू शकलं नाही की मागे सरकतं, पत्र्याच्या किंवा कौलाच्या टोकाखाली शिरतं, वारा असेल तर आणखी आत ढकललं जातं. वाशांची टोकं भिजतात, भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरतं आणि आतून ओघळ उतरतो. घरातल्या माणसाला वाटतं छप्पर फुटलं. छप्पर धड असतं. पाण्याला जायला वाट नसते एवढंच.

आता जरा मागे जाऊ, कारण हे दुखणं आपल्या आजोबांना नव्हतं. त्यांच्या घरांना मुळात पन्हळच नसायची.

पेंढ्याचं किंवा गवताचं छप्पर घ्या. उतार चांगला तीव्र, कड भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट आलेली. पाणी सबंध कडेवरून पागोळ्यांनी गळायचं आणि थेट जमिनीवर पडायचं. पागोळ्या पडून पडून घराभोवती जमिनीत खळग्यांची एक रेघ उमटायची, पुढे तीच पाण्याची वाट व्हायची. पान पडलं तरी घसरून खाली. अडकणार कुठे? पुढे नळ्याची गावठी कौलं आली. ती अर्धगोल, नुसती एकावर एक ठेवलेली, कशालाही न बांधलेली. त्यांच्या खोबणीत पानं अडकायची, वांदरांच्या उड्यांनी कौलं सरकायची, फुटायची. त्यावर उपाय म्हणजे शाकारणी. दर उन्हाळ्यात माणसं वर चढायची, कौल न् कौल उचलून झाडायची, फुटकी काढून नवी घालायची आणि सगळं छप्पर पुन्हा लावायची. ही काही हौस नव्हती. शाकारलं नाही तर मृगातच घर गळणार, हे ठाऊक होतं.

शाकारणीची वेळही ठरलेली. मुंबईच्या गिरण्यांतले चाकरमानी मे महिन्यात गावी यायचे ते आंबे-फणस खायला आणि लग्नं उरकायला, हे आपण सांगतो. छपरावर चढायलाही यायचे, हे सांगत नाही. आज याच्या घरावर सगळे, उद्या त्याच्या. दुपारी पेज, संध्याकाळी चहा. मी लहान असताना खालून कौलं वर देण्याचं काम आम्हा पोरांकडे असे आणि एखादं फुटलं की वरून शिव्या येत.

मग मंगळुरी कौल आलं. १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू इथं बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यानं कौलांचा कारखाना सुरू केला. मिशन स्वित्झर्लंडचं, माती नेत्रावतीच्या काठची. हे कौल चपटं, कडेला खाचा असलेलं, एकाची खाच दुसऱ्यात बसणारं. वाऱ्यानं सहसा सरकत नाही, वजन कमी, पाणी पटकन ओसरतं. समुद्रमार्गे ते सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं आणि आपल्याकडे ते नुसतं कौल न राहता ऐपतीचं माप झालं. 'मंगळुरी कौलांचं घर' म्हणजे बरं चाललेलं घर.

या कौलानं दोन गोष्टी बदलल्या. दरवर्षी सगळं छप्पर उलटंपालटं करायची गरज राहिली नाही, अधूनमधून दुरुस्ती केली की भागे. आणि घरं एका सरळ ओळीतून बाहेर पडली. ओटीला काटकोनात पडवी, मागे न्हाणीघर, बाजूला नवी खोली. दोन छपरं जिथं एकमेकांना आत मिळतात तिथं दोन्हीकडचं पाणी एका खोबणीत उतरतं. तिथं जस्ताच्या पत्र्याची पन्हळ घालावी लागली. शेजारघर जवळ आलं तशी कडेलाही पन्हळ आली. पोफळ चिरून केलेली पन्हळ आपल्याला ठाऊक होतीच, पण ती वाहतं पाणी दारात आणायला. छपराचं पाणी गोळा करून एका ठिकाणी न्यायची सवय ही नंतरची.

म्हणजे जे पाणी चारही बाजूंनी शंभर पागोळ्यांनी पडत होतं, ते आता एका भोकातून जायला लागलं. किती पाणी? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला (आपल्याकडे जुलैत ही बातमीसुद्धा होत नाही) तर ९,३०० लिटर. म्हणजे जवळजवळ दहा हजार लिटरचा टँकर तुमच्या छपरावरून एका दिवसात उतरतो. तोही दिवसभर सारखा नव्हे, दोन-तीन जोरदार सरींत. आणि त्याच्या वाटेत चार इंची पाइपाच्या तोंडावर फणसाची दहा-बारा पानं आडवी बसलेली. पन्हळीला उतार तो किती, दहा फुटांना जेमतेम अर्धा इंच. एवढ्या उतारावर पाण्याला पानं ढकलून नेण्याचा जोर येत नाही. पानं बसतात, मग पानांवर माती बसते, मातीत पिंपळ.

छपराच्या पाण्यावरून भांडणं मात्र फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धर्मस्थीय अधिकरणात घरांबद्दलचे नियम आहेत. त्यात घराचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतरावर आणि कसं पडावं हे सांगितलंय, आणि मोडल्यास ५४ पण दंड. इंग्रजांनी १८८२ मध्ये सुविधाधिकाराचा कायदा केला, मुंबई इलाख्याला तो १८९१ पासून लागू झाला आणि आजही चालू आहे. त्याच्या २३ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलंय, ते वाचताना मला दरवेळी आपली आळी आठवते. एकाला आपल्या पागोळ्यांचं पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर सोडायचा हक्क आहे. पण म्हणून त्याला आपली वळचण पुढे वाढवून शेजाऱ्यावरचा भार वाढवता येणार नाही. आज पत्र्याची शेड दोन फूट पुढे काढणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

फांद्यांचा प्रश्नही त्याच काळात कोर्टात गेला. इंग्लंडमध्ये १८९४ साली 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं की शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर, त्याच्या जागेत पाय न ठेवता, ती आपल्याला छाटता येते. फांदी कितीही वर्षं तिथं असली तरी तसा हक्क पडत नाही. मुंबई हायकोर्टानंही त्याच दशकात हीच दिशा धरली. मात्र आज हे वाचून कोयता उचलू नका. शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, तो तुमच्या अंगणातल्या झाडालाही लागतो आणि त्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. शहराबाहेर १९६४ चा कायदा, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ सगळे आहेत. छाटणी करायची तर आधी विचारा.

इथं एक जुना कागद आठवतो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातला झाडांबद्दलचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याचदा शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो, पण तो आहे या आज्ञापत्रात, आरमाराच्या प्रकरणात. आंबा, फणस ही लाकडं आरमाराच्या कामाची, तरी त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. हा भाग सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच आज्ञापत्रात गडकोटांच्या प्रकरणात दुसरी एक आज्ञा आहे, ती कुणी फिरवत नाही. तटावर जी झाडंझुडं उगवतात ती वरचेवर काढून टाकावीत, गवत वाढू देऊ नये. म्हणजे अंगणातला फणस राखायचा आणि भिंतीतला पिंपळ रोप असतानाच उपटायचा. दोन्ही कामं एकाच राज्याची, एकाच कागदात. आपण काय करतोय? पिंपळ वाढू देतोय आणि फणस तोडतोय.

आता १९८२ कडे येतो. माझ्या मते कोकणच्या छपराच्या इतिहासात हे साल मोठं आहे. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरून अंतुल्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. तोवर सिमेंट परमिटवर मिळायचं, घर बांधायचं तर कचेरीत खेटे घालावे लागत. फेब्रुवारीत केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं आणि १९८९ मध्ये पूर्णच. एका बाजूला मे महिन्यात छपरावर चढणारा माणूस मोडला, दुसऱ्या बाजूला स्लॅब सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला लागला. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावागावांत कौलं उतरली आणि सपाट गच्च्या आल्या, हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. वांदरांनी त्याला हातभार लावला तो वेगळाच.

स्लॅब म्हणजे शाकारणीतून कायमची सुटका, असंच सगळ्यांना वाटलं. आमच्या घरातही वाटलं. प्रत्यक्षात काय झालं? सपाट गच्ची, भोवती कठडा आणि पाणी जायला कोपऱ्यात एक किंवा दोन भोकं. आंब्याचा पातेरा त्या कोपऱ्यात जमला की गच्चीचं तळं. चार-पाच पावसाळे असं पाणी उभं राहिलं की मुरायला लागतं, आतली सळी गंजते, फुगते आणि खालचा गिलावा सोलून पडतो. मग स्लॅबवर पत्र्याची शेड आली. आज गावाचा फोटो वरून काढला तर निळे आणि लाल पत्रेच दिसतात. पत्र्याला पुन्हा पन्हळ, पन्हळीला पाइप. शंभर-सव्वाशे वर्षं फिरून आपण होतो तिथंच, फक्त मे महिन्यात वर चढणारा माणूस गेला.

आणि पातेऱ्याची किंमतही गेली. आपल्या आज्या आंब्या-फणसाखालचा पातेरा खराट्यानं गोळा करून टोपल्या भरायच्या. तो तरव्याच्या भाजावळीला लागायचा, गोठ्यात अंथरायला लागायचा, माडाच्या आळ्यात जायचा. पातेरा कमी पडायचा, शेजारणी त्यावरून भांडायच्या. ज्या गोष्टीवरून 'माझा' म्हणून भांडण व्हायचं, तिच्यावरून आज 'तुझा' म्हणून भांडण होतं. भात कमी झालं, गुरं गेली आणि पान कचरा झालं. काकांच्या पन्हळीतून काढलेला तो काळा चिखल मी आमच्या केळींना घातला. असली माती बाजारात पिशवीत भरून विकतात.

एक गोष्ट आरोग्याची. पावसाळ्यात तपासणीला येणाऱ्या ताई पिंप बघतात, कुंड्या बघतात, टायर बघतात, आणि चांगलं काम करतात. छपरावर कुणी चढत नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण तुंबलेल्या पन्हळीत पानांचं पाणी साठून राहतं आणि डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी सुकी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. म्हणजे आज कोरडी दिसणारी पन्हळही निर्धोक नाही.

ज्यांना यंदा वर चढायचंय त्यांच्यासाठी थोडं अनुभवाचं. एकदा मेअखेर साफ करून भागत नाही. मृगाच्या वाऱ्यानं ओली पानं आणि डहाळ्या पडतात, त्या आर्द्रा लागायच्या आत काढा, आणि गणपतीच्या आधी घर झाडताना पुन्हा एकदा. पाइपाच्या तोंडात तारेच्या जाळीचा फुगीर गोळा बसवा. सपाट जाळी बसवली तर पानं तिच्यावरच झाकणासारखी बसतात. झाड चिंचेचं किंवा गुलमोहराचं असेल तर जाळीवर विसंबू नका, ती बारीक पानं सगळ्यातून जातात. पिंपळाचं रोप मुळासकट काढा, नुसतं वरून खुडलं तर पुढच्या वर्षी जाड होऊन येतं. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. तो वरून धड दिसतो आणि पायाखाली फुटतो. आडव्या बाराच्या रेषेवर फळी टाका आणि फळीवरूनच चाला. विजेची तार छपराजवळून जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी घेऊ नका. एकट्यानं चढू नका. आळीत ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत आणि घरी दोनच म्हातारी माणसं आहेत, त्यांनी तर मुळीच नको. खरं सांगायचं तर काकांचा अर्ज झाडाविरुद्ध नव्हताच. वय ७४, गुडघे दुखतात, माणूस मिळत नाही, मिळाला तर एवढ्याशा कामाला येत नाही. झाड तोडायला ठेकेदार मिळतो, तो लाकूडही नेतो. पन्हळ साफ करायला कुणी मिळत नाही.

नगरपरिषदेकडे माझं एक म्हणणं आहे आणि ते मी लेखी दिलंय. दरवर्षी मेमध्ये नालेसफाई होते, तिचे फोटो येतात, आम्ही छापतो. त्याच वेळी झाडतोडीच्या अर्जात 'घर गळते' हे कारण असेल तर परवानगीआधी कुणीतरी वर चढून पन्हळ बघावी. अहवालात तीन गोष्टी लिहाव्यात: पन्हळ साफ आहे का, पाइप मोकळा आहे का, घरावर आलेल्या फांद्या छाटून काम भागेल का. वरून बघितल्याशिवाय खालून सही होऊ नये.

काकांच्या घरी परवा रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी मुद्दाम गेलो. एकही बादली लावावी लागली नव्हती. पण काका अजून पक्के नाहीत. "एका पावसावरून काय सांगू, जुलै बघू दे," म्हणाले. अर्ज मागे घेतलेला नाही, हरकतीची मुदत मंगळवारी संपते. माझी हरकत मी दिली आहे, सोबत पन्हळीचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडलेत.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघं आळीतली आणखी तीन छपरं करणार आहोत. तिन्ही घरांत म्हातारी माणसंच आहेत. दोन घमेली आणि फळ्या आहेत. वीस फुटी लाकडी किंवा बांबूची शिडी कुणाकडे असेल तर खाली लिहा, शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.